संध्याकाळी तुंबणारा पूल : कल्याणपलीकडच्या एका उपनगरी स्थानकाचं प्रकरण

कल्याण सोडून कर्जतच्या वाटेला लागलं की जी स्थानकं येतात, त्यांतल्या एका स्थानकाचं हे प्रकरण. स्थानकाचं नाव देत नाही, आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. तिथल्या प्रवासी संघटनेच्या बैठकांचं टिपण माझ्याकडे असायचं. म्हणजे या प्रकरणात मी तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकतो.

पार्श्वभूमी

या मार्गावरची जुनी स्थानकं लोकलसाठी बांधलेलीच नाहीत. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत गाडी धावली, १८५४ मध्ये ती कल्याणला पोचली आणि १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत गेली. बोरघाट ओलांडून रेल्वे सलग पुण्याला जोडली गेली १८६३ मध्ये. त्या काळी मधलं स्थानक म्हणजे इंजिनाला पाणी मिळण्याची, गवत-भात-लाकूड चढवण्याची आणि दिवसाकाठी दोन-चार गाड्या थांबण्याची जागा. गाव ज्या बाजूला, त्या बाजूला इमारत बांधायची. पलीकडे खाचरं असत. तिकडे कोणाला जायचं होतं?

आमच्या स्थानकात गावठाण पूर्वेला, म्हणून स्टेशन मास्तरांची खोली, तिकीट खिडकी, पाण्याचे नळ, स्वच्छतागृह, चहाची टपरी सगळं पूर्वेलाच. पश्चिमेला नुसता फलाट. मुंबईत पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी (आताचं सीएसएमटी) ते कुर्ला धावली, आणि त्या दशकाच्या अखेरीस कल्याणच्या पुढे पुण्यापर्यंत विजेच्या तारा आल्या. पण स्थानकाची मांडणी जिथल्या तिथे राहिली. पुढे माणसं ओलांडायला लागली म्हणून फलाटांच्या मधोमध एक सहा फुटी पूल बांधला गेला. त्याचे खांब जुन्या, बाद झालेल्या रुळांचे होते. रेल्वेत ही काटकसर सगळीकडे दिसते.

मग खाचरांत आधी चाळी आल्या, नव्वदीनंतर इमारती, त्यानंतर टॉवर. लोकवस्तीचा तोल पूर्वेकडून पश्चिमेकडे गेला. स्थानकाचा तोल मात्र तिथेच राहिला.

अडचण नेमकी कुठे होती

पहिली तीन-चार वर्षं आम्ही चुकीची तक्रार करत होतो. पत्रांत लिहायचो : 'पूल अरुंद आहे, गर्दी फार होते, रुंद पूल द्यावा.' अधिकारी पाहणीला यायचे, सकाळी अकराच्या सुमारास. पुलावर एखादी आजी आणि दोन कॉलेजची पोरं असायची. पाहणी संपायची.

आमच्याकडे गाड्या डाव्या हाताने धावतात. मुंबईकडे जाणारी गाडी इथे पश्चिमेच्या फलाटाला लागते, मुंबईहून येणारी पूर्वेच्या. म्हणजे पश्चिमेचा पासधारक सकाळी घरातून निघून सरळ आपल्या फलाटावर जातो, पूल चढतच नाही. पूर्वेचा माणूस सकाळी पूल ओलांडतो, पण माणसं घरातून येतात ती एकेक, दोन-दोन करत, वेगवेगळ्या वेळी. त्यामुळे सकाळी सहा फुटी पूल पुरून उरतो.

संध्याकाळी उलटं. बारा डब्यांची गाडी पूर्वेच्या फलाटाला लागते आणि पश्चिमेचे सगळे प्रवासी एका मिनिटात एकाच जिन्याच्या तोंडाशी येतात. सकाळचा ओघ म्हणजे नळाची धार, संध्याकाळचा म्हणजे उपडी केलेली बादली. फरक नुसता संख्येचा नाही, येण्याच्या रीतीचा.

हिशोब करून बघा. दाटीने चालणारी माणसंही एक मीटर रुंद जिन्यावरून मिनिटाला साधारण पन्नास-पंचावन्नच चढतात, त्याहून जास्त नाही. सहा फूट म्हणजे १.८ मीटर. कठड्याला घासून कोणी चालत नाही, तेवढी जागा सोडली तर मिनिटाला ऐंशी-नव्वद माणसं. समजा एका गाडीतून सातशे जणांना पश्चिमेला जायचंय, तर शेवटचा माणूस जिना चढायला आठ मिनिटं लागणार. समोरून कोणी उतरत असेल तर त्याहून जास्त. तेवढ्यात मागची लोकल येऊन उभी राहते, आणि पहिली बादली रिकामी व्हायच्या आत दुसरी उपडी होते.

गर्दी मध्यावर जमायला आणखी एक कारण होतं, जे रोज प्रवास करणाऱ्यालाच कळतं. जुना पूल मधोमध, म्हणून आमच्या स्थानकाचे, रोज एकत्र प्रवास करणारे ग्रुप मधल्या डब्यांतच चढायचे. सीएसएमटीला किंवा दादरला फलाटावर कुठल्या खांबापाशी उभं राहिलं की घरी जिन्यासमोर उतरता येईल, हे प्रत्येकाला पाठ. गाडी रिकामी होताना टोकाच्या डब्यांतून चारदोन माणसं उतरायची आणि मधल्या डब्यांतून लोंढा.

मागणीचा पूल आम्हाला मिळालाही. सहा मीटर रुंद, नवाकोरा, फलाटांच्या कर्जतकडच्या टोकाला. पण तो कोणी वापरेना. पश्चिमेला त्याचा जिना उतरायचा तो रेल्वेच्या भिंतीपाशी. भिंतीपलीकडे रस्ता होता, पण भिंतीला दार नव्हतं. उतरलेल्या माणसाने फलाटावरूनच मागे चालत मध्यापर्यंत यायचं, कारण रिक्षा स्टँड जुन्या जिन्याच्या पायथ्याशी. शिवाय २५,००० व्होल्टच्या तारांपासून अंतर राखायचं म्हणून नवे पूल उंच असतात आणि पायऱ्या जास्त. दमून आलेला माणूस जास्त पायऱ्या चढून, उलटं चालून, त्याच रिक्षाच्या रांगेत मागे कशाला उभा राहील? मुंबई महानगरातल्या कित्येक स्कायवॉकचं दुखणं हेच आहे. चालणाऱ्याला जिथे जायचं असतं, तिथे ते उतरवत नाहीत.

धोका कागदावर आला तेव्हा

२९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि २३ जणांचा जीव गेला. अचानक पाऊस आला होता. माणसं जिन्यावर आडोशाला थांबली होती आणि मागून गाड्या रिकाम्या होत होत्या. आमच्या बैठकीत त्या रात्री कोणी फारसं बोललं नाही. प्रत्येकाला आपला जिना दिसत होता.

त्यानंतर एक बदल झाला, जो बातम्यांमध्ये दोन ओळींत संपला, पण आमच्यासाठी फार मोलाचा ठरला. तोवर पादचारी पूल रेल्वेच्या लेखी 'प्रवासी सुविधा' होता, बाकं-पंखे-नळांच्या पंगतीतला. आता तो अत्यावश्यक, सुरक्षेची बाब मानला जाईल असं जाहीर झालं. सुविधेसाठी स्थानकाचा दर्जा बघतात. २०१७ च्या वर्गवारीत उपनगरी स्थानकांना एसजी-१ ते एसजी-३ अशा पायऱ्या मिळाल्या, त्या तिथून निघणाऱ्या प्रवाशांवर आणि उत्पन्नावर. त्याआधी तर सगळी उपनगरी स्थानकं 'सी' या एकाच गटात कोंबलेली होती. निघणारे प्रवासी मोजले की आमचं स्थानक मधलंसं दिसतं. आमचा त्रास उतरणाऱ्यांचा होता, आणि ते त्या रकान्यात कुठेच नव्हते.

३ जुलै २०१८ ला अंधेरीत गोखले पुलाचा भाग रुळांवर कोसळला. मग मुंबईभर जुन्या पुलांच्या तपासण्या सुरू झाल्या. आमचा रुळांच्या खांबांचा पूलही तपासला गेला आणि तो काढून टाकावा असं ठरलं. म्हणजे लोक वापरत होते तो पूल जाणार, आणि वापरत नव्हते तो उरणार.

समोरचे पर्याय

बैठकीत पाच सूचना आल्या. त्यांतल्या दोनांवर वेळ गेला, बाकीच्या लवकर निकालात निघाल्या.

पोरांना रेल रोको हवा होता. 'त्याशिवाय कोणी हलत नाही,' हे त्यांचं म्हणणं, आणि ते अगदीच खोटं आहे असं मी म्हणणार नाही. पण आप्पांनी (आमचे अध्यक्ष, रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त) २ जानेवारी २०१५ ची आठवण काढली. दिवा स्थानकात संतापलेले प्रवासी रुळांवर उतरले, दगडफेक झाली, आणि मध्य रेल्वेची लोकल कित्येक तास ठप्प झाली. "बाळांनो, त्या दिवशी आपलीच माणसं ठाण्यापासून चालत आली. आणि केसेस पोरांवर झाल्या." विषय तिथे थांबला.

जनहित याचिकेची सूचना वकिलीण ताईंनी स्वतःच मागे घेतली : न्यायालयात पूल काढू नका म्हणायचं आणि उद्या तो पडला तर? खासदारांना पत्र द्यायचं ठरलं, ते दिलं, पोच मिळाली. संध्याकाळच्या गाड्या पश्चिमेच्या फलाटाला आणा, ही सूचना ऐकायला सोपी होती. पण त्यासाठी प्रत्येक गाडीने समोरून येणाऱ्या मार्गात शिरायचं, म्हणजे मुंबईकडे जाणारी गाडी तोवर बाहेर थांबणार. स्टेशन मास्तरांनी हसून चहा पाजला.

उरला पाचवा पर्याय : नवा पूल वापरण्याजोगा करायचा. भिंतीला दार, दारासमोर रस्ता, रस्त्यावर रिक्षा, आणि पुलाच्या पायथ्याशी तिकिटाची सोय. यांतलं दार रेल्वेचं, रस्ता पालिकेचा, रिक्षा स्टँड वाहतूक खात्याचा आणि प्रत्यक्षात रिक्षा युनियनचा. पुलाचा पैसा मंजूर होणं सोपं गेलं होतं. तीन जणांना एका महिन्यात एका जागी उभं करणं अवघड होतं.

काय केलं

वळणाचा क्षण आला तो स्टेशन मास्तरांच्या एका वाक्याने. "साहेब अकराला येतात. तुम्ही त्यांना सातला आणा."

सातला आणायचं तर दाखवायला काहीतरी हवं. एक शिक्षक आणि त्यांचे विद्यार्थी सलग काही संध्याकाळी जिन्याच्या तोंडाशी वही घेऊन उभे राहिले. माणसं मोजायचा नाद आम्ही पहिल्याच दिवशी सोडला, त्या लोंढ्यात ते जमत नाही. त्याऐवजी दोनच वेळा लिहिल्या : गाडी थांबली कधी, आणि जिन्याच्या पायथ्याची दाटी संपली कधी. ज्या गाडीच्या पुढच्या रकान्यात 'दाटी संपण्याआधी मागची गाडी आली' असं होतं, तिथे लाल खूण. घड्याळाचा आकडा कोणी नाकारत नाही. माणसांच्या अंदाजावर वाद घालता येतो.

सोबत माहिती अधिकारात अर्ज टाकला. पुलाच्या तपासणीचा निष्कर्ष आणि तो पाडण्याचं वेळापत्रक एवढंच मागितलं. आणि पत्राचा विषय बदलला : 'प्रवासी सुविधा' काढून 'प्रवाशांच्या जीविताची सुरक्षा'. पत्र त्याच कार्यालयात गेलं, पण वेगळ्या टेबलावर.

अधिकारी सातला आले. लाल खुणेची गाडी त्यांच्यासमोरच लागली. ते पंधरा मिनिटं जिन्याखाली अडकले. त्यापुढे समजावून सांगायला काही उरलं नव्हतं. भिंतीत दार मंजूर झालं. तिकिटाचं यंत्र (एटीव्हीएम) नव्या पुलाजवळ हलवायचं ठरलं.

त्या पाहणीत एक गोष्ट शिक्षकांनी मागितली, जी मला अजून सगळ्यांत हुशारीची वाटते. नव्या पुलावरचं छप्पर शेवटच्या पायरीपाशी संपत होतं. पावसात माणूस नेमका त्या पायरीवर थांबतो, छत्री उघडायला. मागचा थांबतो, त्याच्या मागचा थांबतो. छप्पर जिन्याच्या पुढे काही पावलं वाढवा, म्हणजे छत्र्या मोकळ्या जागेत उघडतील. पत्र्याचं काम ते, खर्च किरकोळ. ते झालं.

मग मार्च २०२० उजाडला. २२ मार्चच्या मध्यरात्रीपासून लोकल बंद. त्या शांततेत जुना पूल उतरवला गेला. मेगाब्लॉकच्या वाटाघाटी नाहीत, गर्दी नाही, क्रेन लावली आणि काम झालं. आम्ही सगळ्यांनी फोनवर एकमेकांचं अभिनंदन केलं. दार मात्र अजून फक्त मंजूरच होतं, आणि पालिकेचा रस्ता कागदावरही नव्हता.

काय झालं

जूनच्या मध्यापासून अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी लोकल सुरू झाली, आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन डोस घेतलेल्यांना पास मिळू लागले. माणसं परत आली आणि त्यांना जुना पूल दिसेना. नवा पूल होता, पण त्याच्या पायथ्याशी भिंत. पहिल्याच आठवड्यात जुन्या फाटकाच्या जागी कुंपणाला भोक पडलं आणि लोक रूळ ओलांडू लागले. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ प्रमाणे त्याला तेव्हा सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकत होतं. आरपीएफने (रेल्वे सुरक्षा दलाने) कारवाई केली, भोक बुजवलं. दोन दिवसांनी शेजारी दुसरं पडलं. एरवी शिस्तीच्या माझ्या एका मित्राने तिथूनच उडी मारताना मला पाहिलं आणि नजर चुकवली. मीही चुकवली, कारण मी त्याच्या मागेच होतो.

दार पुढच्या वर्षी उघडलं. एक पावसाळा दारासमोर चिखल होता. रिक्षा युनियनने आधी नकार दिला, मग अर्धा स्टँड हलवायला तयार झाली, कारण धंदा कुठे आहे हे त्यांना आमच्या आधी दिसलं. त्यानंतर नवा पूल वाहू लागला. लाल खुणेच्या गाड्या कमी झाल्या. रूळ ओलांडणं घटलं, थांबलं नाही. गाड्यांमधले ग्रुपही सरकले : मधल्या डब्यांतली आमची मंडळी टोकाच्या डब्यांत गेली, आणि तिथे आधीपासून बसणाऱ्या पुढच्या स्थानकाच्या ग्रुपशी तिघांच्या बाकावरच्या चौथ्या सीटवरून महिनाभर भांडणं झाली. त्याची नोंद कुठल्याच अहवालात नाही.

म्हाताऱ्या माणसांचं मात्र वाईटच झालं. जुना पूल बुटका होता. नव्याच्या पायऱ्या जास्त, आणि लिफ्ट आली तरी बंद असण्याचे दिवस पुष्कळ.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली चूक क्रमाची. जुना पूल पाडण्याआधी दार उघडायला हवं होतं, आणि लॉकडाऊनचा फायदा घ्यायचाच तर तो भिंत फोडायला घ्यायचा. भिंतीला क्रेनही लागत नाही. पूल धोकादायक होता हे खरं, पण त्यावर माणसंच नसताना त्याची घाई कशाला? आम्ही हे तेव्हा म्हणू शकलो असतो. म्हटलं नाही, कारण काहीतरी होतंय याचाच आनंद होता.

दुसरी चूक त्याहून जुनी. नवा पूल कुठे उतरणार हे नकाशावर ठरत असताना आमच्यापैकी कोणी तो नकाशा मागितला नाही. पूल मंजूर झाला म्हणून पेढे वाटले. जिन्याचा पायथा पश्चिमेला कुठे येणार, हा एकच प्रश्न तेव्हा विचारला असता तर पुढची निम्मी पत्रं वाचली असती. रेल्वेच्या बाजूनेही बघायला हवं : त्यांच्या हद्दीत जिना बसवायला मोकळी जागा टोकालाच होती, आणि भिंतीपलीकडचं त्यांच्या अखत्यारीत नव्हतं. त्या खुर्चीवरून निर्णय बरोबरच दिसतो.

आप्पांचं मत माझ्याहून वेगळं आहे. त्यांच्या मते पश्चिमेला पूर्ण स्टेशन मागायला हवं होतं : तिकीट खिडकी, स्वच्छतागृह, मास्तरांची दुसरी खोली. पूल हा उपायच नाही, तो पूर्वेच्या इमारतीला पश्चिमेचं ठिगळ आहे, असं ते म्हणतात. मला ते पटतं, पण तेवढी मागणी केली असती तर आम्ही अजून पहिल्याच पत्राची पोच सांभाळत बसलो असतो, असंही वाटतं. या वादात बैठकीचा एक तास दर वेळी जातो.

तिसरी गोष्ट वहीत नव्हती. जुन्या जिन्याखाली, पश्चिमेच्या अंगाला, संध्याकाळी चार-पाच बायका भाजी घेऊन बसत. गाडीतून उतरलेला माणूस मेथीची जुडी घेऊनच रिक्षात बसायचा. स्थानकापासून १५० मीटरच्या आत फेरीवाल्यांना बसू देऊ नये, असा उच्च न्यायालयाचा नोव्हेंबर २०१७ चा आदेश आहे, म्हणून नव्या दारापाशी त्यांना पहिल्या दिवसापासून कोणी टेकू दिलं नाही. जुन्या जागी सवयीने चालून जायचं. तीन महिन्यांनी एक मावशी बाजारात भेटल्या. "तुम्ही सगळं मोजलंत म्हणे," त्या म्हणाल्या, "आम्हाला कुठल्या गाडीत धरलं होतं?"

शिक्षकांनी ती वही अजून चालू ठेवली आहे. तिच्यात त्यांनी लिफ्टसाठी एक रकाना वाढवला. चालू असेल तर बरोबरची खूण, बंद असेल तर फुली.